आगोटीआधी गाडीच्या पोटाखाली वाकून बघा



मे महिना लागला की शहापूर-मुरबाडच्या घराघरांत आगोटीची घाई सुरू होते. मसाला कांडून डब्यात भरायचा, पापड-कुरडया वाळवायच्या, सुकट-बोंबील आणून ठेवायचे, सरपण कोरडं रचायचं, कौलं चाळायची. पाऊस सुरू झाल्यावर यातलं काही करता येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. या यादीत आता एक काम वाढवायचं आहे. ज्या ताईच्या दारात रिक्षा, टेम्पो, इको किंवा गटाच्या कर्जातून घेतलेली कुठलीही गाडी उभी आहे, तिने पहिला पाऊस पडायच्या आत त्या गाडीचं पोट तपासायचं आणि त्याला गंजरोधक लेप द्यायचा. या अंकाचा पाठ त्यावरच आहे.

काही जणी म्हणतील, गाडीचं बघायला ड्रायव्हर आहे, घरचे आहेत, आपल्याला त्यातलं काय कळतं? आधी हे सांगा, कर्जाच्या कागदावर सही कुणाची आहे? केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. एसटी किंवा दुसरी सोय नीट पोचत नाही अशा गावांसाठी गटातल्या बाईनेच गाडी चालवावी किंवा चालवून घ्यावी आणि त्यासाठी तिला साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळावं, अशी त्या योजनेची रचना होती. त्या योजनेतून असो, बँकेच्या कर्जातून असो की गटाच्या अंतर्गत कर्जातून, गाडी बाईच्या नावावर आली म्हणजे हप्ताही तिच्या नावावर आला. हप्ता पाच वर्षं चालणार आणि पत्रा तिसऱ्या वर्षी कुजणार असेल, तर शेवटची दोन वर्षं आपण कशाचा हप्ता भरतोय?

गंज म्हणजे मळ नव्हे

आपण भांड्यावरचा मळ घासून काढतो, खाली भांडं तेवढंच राहतं. गंजाचं तसं नाही. गंज म्हणजे लोखंडच. पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्याशी मिळून त्या लोखंडाचं दुसरंच काही झालेलं असतं. जेवढा गंज घासून काढला, तेवढं लोखंड गेलं. ते परत येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज फुगतो. वाल भिजत घातले की रात्रीत कसे टम्म होतात, तसा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली एवढासा गंज धरला की तो वरच्या रंगाला फोड आणतो, फोड फुटतो, तिथून आणखी पाणी आत जातं. बाहेरून रुपयाएवढा दिसणारा डाग आत तळहाताएवढा पसरलेला असतो तो यामुळे.

पाणी आणि हवा दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. कोरड्या हवेत लोखंड टिकतं. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर आहे, तरी गंजून पडलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट साय धरली आणि त्या सायीने आतलं लोखंड वाचवलं. दिल्लीची हवाही आपल्यापेक्षा कोरडी. आपल्या गाडीच्या पत्र्यावर अशी साय आपोआप धरत नाही आणि हवा तर बोलायलाच नको. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. म्हणून ती साय आपण बाहेरून द्यायची. लेप देणं म्हणजे एवढंच.

आपल्या गाड्या कुठून गंजतात

थंड देशांत, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात, रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि गाड्या खालून कुजतात. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा नावाच्या मालवाहू गाड्यांच्या चासी तिकडे इतक्या गंजल्या की लोक कोर्टात गेले, आणि २०१६ साली कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी तडजोड मान्य केली. चासी तपासून द्यायची, गरज असेल तर बदलून द्यायची. सांगायचं कारण, मोठ्या कंपनीची गाडी आहे म्हणून पोट कुजत नाही असं समजू नका.

आपल्याकडे रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. पण मीठ आणि क्षार आपण स्वतःच गाडीत भरतो. सुक्या मासळीच्या पाट्या, ओल्या मासळीचं बर्फाचं पाणी. खताच्या गोण्या, त्यातही पोटॅश हे एक प्रकारचं मीठच आहे, आणि गोणीची शिवण उसवलेली असते. म्हशाच्या जत्रेला किंवा आठवडे बाजाराला शेळ्या नेतो, त्यांचं मूत हौद्याच्या फटींतून खाली चासीवर उतरतं. पोल्ट्रीचा कोंबडखताचा फेरा केला तर तो माल ओला होऊन चिकटतो आणि पत्र्याला खातो. भेंडी-काकडीचे क्रेट त्या मानाने बिचारे निरुपद्रवी, तरी त्यांचं पाणी गळतंच.

त्यात आपले रस्ते. डोळखांब, किन्हवलीकडचे आतले रस्ते घ्या किंवा टोकावडे, धसईकडचे. मुख्य रस्ता सोडून पाड्यात वळलं की लाल माती आणि खडी. खडी उडून पोटावर बसते आणि रंगाचे टवके काढते. मग त्या टवक्यांवर चिखल थापला जातो. चिखल वाळला असं आपल्याला वरून वाटतं, पण मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात आणि चासीच्या वरच्या कडेवर तो थर आत ओलाच असतो, ओल्या फडक्यासारखा. वाहत्या पाण्यापेक्षा हा साचलेला ओला चिखल जास्त वाईट. पावसात धावणारी गाडी निदान धुतली तरी जाते. पावसात चिखल घेऊन आठ दिवस उभी राहिलेली गाडी जास्त कुजते.

नवी गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून, वीज सोडून रंगवलेला असतो. त्यामुळे रंग सांदीकोपऱ्यातही पोचतो. काही पत्र्यांवर जस्ताचा मुलामाही असतो. जस्ताची गंमत अशी की ते स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं, घरातल्या थोरल्या बहिणीसारखं. आपल्या छपरावरचा पांढरा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो तो याच कारणाने. पण टेम्पोचा हौदा पुष्कळदा बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेला असतो. तो कुठल्या टाकीत बुडवलेला नसतो. वेल्डिंग मारलं, वर एक हात प्रायमर, एक हात रंग, झालं. म्हणून हौद्याचे वेल्डिंगचे सांधे ही गंजाची पहिली जागा. बघायला सुरुवात तिथूनच करा.

तपासणी: कान आणि डोळे दोन्ही लावा

बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारतो. ठणठणीत आवाज आला तर माठ चांगला, भद आवाज आला तर तडकलेला. गाडीच्या पोटाची तपासणी तशीच आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी, पायदान, हौद्याचे आडवे पाईप ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं. कुजलेलं भद वाजतं आणि पापुद्रे खाली पडतात. जिथे टोक टेकवलं की आत घुसतं, तिथे लेपाचं काम संपलेलं आहे. तो भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागेल. त्यावर काळा लेप मारून झाकणारा मेकॅनिक आपला मित्र नव्हे.

एक जागा विशेष लक्ष देऊन बघा, कारण तिथे पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारे पेन्सिलीपेक्षाही बारीक लोखंडी पाईप गाडीच्या पोटाखालून गेलेले असतात. ते बाहेरून गंजतात. वरून नुसते तांबूस दिसतात, आणि एक दिवस जोरात ब्रेक दाबला की फुटतात. माळशेज किंवा कसारा घाटात, मागे दहा माणसं किंवा एक टन माल असताना जोरात ब्रेक दाबायची वेळ येतेच. पाईपवर खवले दिसले तर लेप-बिप बाजूला ठेवा, आधी पाईप बदला. हा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलायचा नाही.

आपल्या भागातल्याच एका गटातल्या ताईंचा टेम्पो. शेळ्या, कोंबडखत, खत, असाच सगळा माल. गाडी वरून धुऊनपुसून चकाचक, पुढे लिंबू-मिरची, नंबरप्लेटला गोंडे. चौथ्या वर्षी फिटनेससाठी नेली तर हौद्याखालचे दोन आडवे पाईप हाताने दाबले तरी मोडत होते. दुरुस्तीसाठी गाडी अठरा दिवस उभी, ते दिवस नेमके भेंडीच्या तोड्याचे. दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेल्या फेऱ्यांचा आकडा मोठा झाला, आणि गटाचा एक हप्ता थकला. त्या ताई आता बैठकीत सगळ्यांना सांगतात की गाडी पावडर लावून ओळखायची नसते.

टेम्पो, इकोसारख्या परवान्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, हे लक्षात असू द्या. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अपघाताचा, चोरीचा, पुराचा विमा असतो. झिजण्या-गंजण्याचे पैसे विमा कंपनी देत नाही.

कोणता लेप घ्यावा

दुकानात गेलं की सगळे 'अंडरकोटिंग' एवढंच म्हणतात. पण त्यात प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे.

सर्वात जास्त मिळतो तो डांबरी किंवा रबरमिश्रित काळा लेप. आपण पावसाआधी जुन्या पत्र्याच्या भोकांना डांबर लावतो, त्याच जातीचा, पण फवाऱ्याने मारायचा आणि वाळल्यावर जाड, थोडा लवचिक राहणारा. खडीचा मार हा चांगला सोसतो, आवाजही थोडा कमी करतो. नव्या किंवा गंज न लागलेल्या गाडीला हा उत्तम. याचा दोष असा की काही वर्षांनी तो कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात, त्या भेगेतून पाणी आत जातं आणि लेपाखाली कोंडून राहतं. वरून काळं कुळकुळीत, आत कुजकं. म्हणून हा लेप एकदा मारला आणि विसरलं असं चालत नाही. दर वर्षी बघायचा, कुठे सुटला असेल तर तेवढा भाग खरवडून परत मारायचा.

दुसरा प्रकार मेणाचा. पातळ असतो, सांध्यांत आणि पोकळ पाईपच्या आत शिरतो, आणि ओरखडा पडला तर थोडा पसरून स्वतःच भरून येतो. काही लेप लोकरीच्या चरबीपासूनही करतात. मेंढीच्या लोकरीला पाणी धरत नाही ते या चरबीमुळेच. मेणाचा लेप खडीच्या माऱ्याने आणि धुण्याने निघून जातो, म्हणून तो दर पावसाळ्याआधी नव्याने द्यावा लागतो. दाराच्या आत, पायदानाच्या पोकळीत, हौद्याच्या चौकोनी पाईपच्या आत मेणाचाच लेप हवा. तिथे डांबरी लेप पोचत नाही आणि पोचला तरी नुकसानच करतो.

माझं मत विचाराल तर चाकांमागच्या आणि उघड्या भागाला रबरमिश्रित, आणि पोकळ्यांना मेणाचा, असं दोन्ही मिळून करावं. एकच परवडत असेल आणि गाडी तीन-चार वर्षं जुनी असेल, तर मेणाचा घ्या. जुन्या गाडीत थोडाफार गंज कुठेतरी राहतोच, त्यावर कडक झाकण बसवण्यापेक्षा पाझरणारा लेप बरा.

तिसरा प्रकार आपल्या गावांत सर्रास चालतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलायला हवं. इंजिनमधून काढलेलं जळकं काळं ऑइल, त्यात थोडं डिझेल मिसळून पावसाआधी गाडीच्या पोटावर फवारतात. फुकटात होतं म्हणून करतात. तेलाने पाणी अडतं हे खरं आहे. आपण विळा-कोयता कापणीनंतर तेलाचा हात फिरवूनच आढ्याला खोचतो, बिडाचा तवा तेल लावून ठेवतो. पण ते तेल स्वच्छ असतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनमधली आम्लं आणि धातूचा चुरा असतो. ते रबराचे बुश आणि पाईप फुगवतं, ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागत नाही, गरम सायलेन्सरवर पडलं तर धूर आणि कधी आगही. अंगाला लागणं प्रकृतीला घातक. आणि पहिल्याच पावसात ते धुऊन ओहोळात जातं. आपले ओहोळ काळू, शाई, भातसा या नद्यांनाच मिळतात. त्याच पाण्यावर आपली जनावरं पितात, आपली भाजी होते. फुकटचं ते पौष्टिक म्हणायचं नाही.

आणखी एक सावधगिरी. वॉशिंग सेंटरवाले 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून एक पॅकेज सांगतात. ते वरच्या रंगाची चमक राखण्यासाठी असतं, पोटाच्या गंजाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींचे पैसे वेगळे लिहून मागा.

आधी गंज, मग लेप

ओल्या भिंतीला चुना फासला तर पोपडे धरतात. गंजावर लेप मारणं तसंच आहे. या कामात खरी मेहनत लेपात नाही, त्याआधीच्या साफसफाईत आहे, आणि दुकानदार टाळतो तीही हीच.

पहिल्या दिवशी गाडीचं पोट जोराच्या पाण्याने धुवायचं. मडगार्डच्या आतले कोपरे, पाट्यांच्या वरची जागा, चासीच्या वरची कड, जिथे माती घट्ट बसते तिथे काडीने उकरून काढायची. मग निदान एक पूर्ण दिवस कडक उन्हात सुकवायची. मे महिन्याचं ऊन आपल्याला फुकट मिळतं, ते वापरा. घाईने ओल्यावर लेप मारला तर पाणी आपणच आत कोंडलं.

दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज घासायचा, पापुद्रा राहता कामा नये. खोल खड्ड्यांत जो थोडा गंज उरतो त्यावर 'रस्ट कन्व्हर्टर' नावाचं द्रावण लावतात. त्याने तांबडा गंज काळा पडतो आणि स्थिर होतो. काही द्रावणांत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिन म्हणजे तुरटपणा आणणारा पदार्थ, जो आपल्या हिरड्यात भरपूर असतो. हिरडा किंवा आवळा लोखंडी विळीवर चिरला की विळी काळी पडते ना, तीच क्रिया इथे मुद्दाम करवतात. म्हणून कुणी हिरड्याचा काढा करून गाडीला लावायला जाऊ नका. विकतच्या द्रावणात त्याचं प्रमाण आणि बाकीची औषधं ठरवून घातलेली असतात. ते वापरताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग प्रायमर. रेड ऑक्साईड प्रायमर खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, तो चालतो. जस्तयुक्त प्रायमर मिळाला तर उघड्या लोखंडावर तो अधिक चांगला. प्रायमर पूर्ण वाळला की लेप. जाड एक थर मारण्यापेक्षा पातळ दोन थर, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. त्यानंतर एक-दोन दिवस गाडी चिखलात घालायची नाही. म्हणजे धुण्यापासून रस्त्यावर येईपर्यंत तीन-चार दिवस गेले. एका तासात अंडरकोटिंग करून देतो म्हणणाऱ्याने यातलं काय गाळलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

लेप कुठे मारायचा नाही, हे मेकॅनिकला माहीत असतं असं धरून चालू नका. जवळ उभं राहा. सायलेन्सर आणि त्याचे गरम होणारे भाग, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, रबराचे पाईप आणि बुश, फिरणारा शाफ्ट, वायरींचे जोड हे सगळं कागद आणि टेपने झाकून घ्यायचं. सीएनजीची गाडी असेल तर सिलेंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि त्यावरची पाटी यांना लेप लागता कामा नये. सिलेंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि त्या पाटीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. ई-रिक्षा असेल तर बॅटरी आणि मोटरच्या आसपास फवारा नकोच, तिथे ब्रशने, जाणत्या माणसाकडूनच.

आणि भोकं! दाराच्या खाली आणि पायदानाला बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, तुळशीच्या कुंडीला असतात तशी, आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. लेपाने ती बुजली तर दारात पाणी साचतं आणि दार आतून कुजतं. काम झाल्यावर प्रत्येक भोकात काडी घालून बघायची. हे काम तुम्हीच करा, दहा मिनिटांचं आहे.

कुणी घरी करायचं ठरवलं तर एकच गोष्ट बजावते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मुलगा असो, नवरा असो की मेकॅनिकचा पोऱ्या. जॅक सरकतो. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवरच काम करायचं. लेप पेट घेणारा असतो, म्हणून उघड्या जागेत, चुलीपासून आणि विडीपासून लांब.

पैशाचा हिशोब

भाव गाडीच्या आकाराप्रमाणे, लेपाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतो, म्हणून इथे आकडा छापत नाही. शहापूर, मुरबाड आणि कल्याण अशा तीन ठिकाणी विचारा, आणि विचारताना 'किती?' एवढंच नको. गंज घासणार का, प्रायमर कुठला, लेप कुठल्या प्रकारचा, किती थर, किती दिवस, पोकळ्यांत मारणार का, हे विचारा. उत्तर बिलावर लिहून घ्या. गाडी नवी असेल आणि कंपनीची गंजाविरुद्धची हमी चालू असेल, तर बाहेरून लेप मारल्याने ती जाते का, हे शोरूममध्ये आधी विचारून घ्या.

पैसे एकदम काढायला जड जातात, म्हणून गाडीच्या रोजच्या गल्ल्यातून थोडे बाजूला टाकायची सवय लावा. समजा गाडी वर्षात ३०० दिवस धावते आणि रोज १५ रुपये वेगळ्या डब्यात पडले, तर वर्षाला ४५०० रुपये होतात. ती रक्कम मे महिन्यात हाताशी असली की ना गटाकडे हात पसरावा लागतो, ना सावकाराकडे. एका ग्रामसंघात चार-पाच गाड्या असतील तर सगळ्यांचं काम एकाच दुकानात, एकाच आठवड्यात ठरवून भाव कमी करून घेता येतो. बियाणं एकत्र घेताना आपण हे करतोच.

स्कूटीवर फिरणाऱ्या सीआरपी आणि बँक सखींनाही दोन शब्द. स्कूटीचं स्टँड, मडगार्डच्या आतली बाजू आणि पायाखालच्या पत्र्याची खालची बाजू इथे गंज धरतो. पावसाआधी धुऊन, सुकवून मेणाच्या फवाऱ्याचा एक हात पुरतो. ब्रेक आणि टायरवर उडू देऊ नका.

पावसाळा चालू असताना

लेप दिला म्हणजे चार महिने बघायचं नाही असं नाही. शेळ्या, मासळी, खत किंवा कोंबडखताचा फेरा झाला की त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्याने धुवा. नदीत गाडी घालून नव्हे, घरी किंवा वॉशिंग सेंटरला. हौद्यात जाड प्लास्टिकचा कागद किंवा रबरी मॅट टाकली तर निम्मं पाणी खाली उतरतच नाही, पण त्या मॅटखाली ओल राहते, म्हणून आठवड्यातून एकदा मॅट उचलून हौदा सुकवायचा.

गाडी गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी करू नका, खालून सतत वाफारा लागतो. दोन पाट्या खडी टाकून जागा करा. ताडपत्री अंगाला चिकटवून झाकण्यापेक्षा वर छप्पर आणि बाजूने वारा असेल ते बरं.

श्रावणात पावसाला उघडीप मिळते, तेव्हा एकदा बॅटरी घेऊन वाका आणि बघा. जिथे लेप सुटलाय, तिथे घासून, सुकवून तेवढ्यापुरता परत लावा. गाडीच्या वहीत, जिथे डिझेल आणि फेऱ्या लिहिता तिथेच, एक पान यासाठी ठेवा: लेप कधी दिला, कुणी दिला, कुठला होता, किती पैसे, कुठे गंज सापडला. पुढे गाडी विकायची वेळ आली तर हे पान आणि बिलं दाखवून दोन पैसे जास्त मागता येतात.

पुढच्या गटबैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती बैठकीच्या जागी घेऊन यावी. बाकीच्यांनी एक टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खाली अंथरायला एक जुनं गोणपाट आणावं. आणि गाडीखाली बघायला पहिली मालकीण वाकेल.